बेट एक, दार एक: सेंट हेलेनाला पोहोचायचं कसं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. या भागात आकडे आणि गावांची नावं बरीच आहेत, आणि ऐकताना ती भराभर निघून जातात. म्हणून सगळं नीट क्रमानं इथे मांडलंय. ऐकत ऐकत वाचा, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं की नुसतं वाचा.

२०१६ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक मथळा फिरत होता: 'जगातला सगळ्यात निरुपयोगी विमानतळ'. अटलांटिक महासागराच्या मधोमध एका छोट्याशा बेटावर ब्रिटिश सरकारनं जवळपास २८.५ कोटी पौंडांचं बजेट ठेवून विमानतळ बांधला. तो तयार झाला, त्याला परवाना मिळाला, उद्घाटनाची तारीखही ठरली. आणि मग लक्षात आलं की ज्या विमानासाठी तो बांधला, ते विमान तिथे भरवशानं उतरू शकत नाही. का? तर वारा!

मीम बनवायला हे एकदम परफेक्ट मटेरियल आहे, आणि तेव्हा लोक हसलेही भरपूर. पण त्या बेटावर साडेचार हजारांच्या आसपास माणसं राहतात, आणि त्यांच्यासाठी हा विषय हसण्याचा नव्हता. आज आपण बघणार आहोत की इतक्या लांबच्या बेटाला जगाशी जोडायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, ते चुकतं कुठे, आणि 'निरुपयोगी' म्हटलेल्या त्या धावपट्टीचं पुढे काय झालं.

आधी बेट कुठे आहे ते बघू

फोनवर नकाशा उघडा आणि 'सेंट हेलेना' टाका. आधी फक्त निळं पाणी दिसेल. झूम करत राहा, मग एक ठिपका येईल. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून तो साधारण १,९५० किलोमीटर लांब आहे. मुंबईहून कोलकात्याला रेल्वेनं जेवढं अंतर पडतं, जवळपास तेवढं. फरक इतकाच की इथे वाटेत नाशिक, भुसावळ, नागपूर काही नाही. नुसतं पाणी. दुसऱ्या बाजूला ब्राझील, ते तर सुमारे ४,००० किलोमीटरवर.

बेटाचं क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं धरली तर त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. हा ब्रिटनचा सागरापलीकडचा प्रदेश आहे. असेन्शन आणि ट्रिस्टन द कुन्या ही आणखी दोन लांबची बेटं त्याच प्रदेशात मोडतात. सेंट हेलेनाचे लोक स्वतःला 'सेंट्स' म्हणवतात.

बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं असतं ते नेपोलियनमुळे. १८१५ मध्ये त्याला इथे कैदेत आणून ठेवलं आणि १८२१ मध्ये तो इथेच वारला. पळून जाता येणार नाही अशी जागा शोधायची होती, ती ही सापडली. यावरूनच कळतं की इथे येणं-जाणं किती अवघड असेल.

हे बेट एके काळी हायवेवर होतं

गंमत म्हणजे, हे बेट कायमच असं कोपऱ्यात पडलेलं नव्हतं. एके काळी ते भर रस्त्यावर होतं. आणि तो रस्ता आपल्याकडून जायचा.

बेटाचा शोध १५०२ मध्ये लागला असं परंपरेनं मानलं जातं. शोधणारा होता पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द नोव्हा, आणि तो भारतातूनच परत चालला होता. का बरं परत जातानाच? याचं उत्तर वाऱ्यात आहे. अटलांटिकच्या दक्षिण भागात आग्नेयेकडून वारा जवळजवळ वर्षभर वाहत असतो. याला व्यापारी वारे म्हणतात. शिडाचं जहाज भारतातून निघालं, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून वर आलं, की हे वारे त्याला आपोआप सेंट हेलेनाच्या दिशेनं ढकलायचे. महिनोन्‌महिने समुद्रात काढलेल्या खलाशांना इथे गोडं पाणी मिळायचं, ताजं अन्न मिळायचं. म्हणजे शिडाच्या जहाजांचा हा हायवेवरचा ढाबाच म्हणा ना.

१६५९ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं बेटाचा ताबा घेतला. नऊ वर्षांनी, १६६८ मध्ये, त्याच कंपनीच्या हातात मुंबई आली. पुढे १८३४ पर्यंत बेटाचा कारभार बहुतांश काळ कंपनीकडेच होता. आणखी एक धागा सांगतो. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०५ मध्ये मायदेशी परतताना याच बेटावर थांबला. 'द ब्रायर्स' नावाच्या ठिकाणी तो उतरला होता. दहा वर्षांनी, वॉटर्लूला त्याच्याकडून हरलेला नेपोलियन कैदी म्हणून आला, तेव्हा त्याचा सुरुवातीचा मुक्कामही ब्रायर्सलाच होता!

मग हायवे बदलला. वाफेवरची जहाजं आली, त्यांना वाऱ्याची गरज उरली नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि भारत-युरोप वाहतूक तिकडून जायला लागली. १८५५ मध्ये सेंट हेलेनाला वर्षभरात १,१०० जहाजं लागली होती. १८८९ मध्ये? फक्त २८८.

आपल्याकडे बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या गावाची काय अवस्था होते ते तुम्ही पाहिलं असेल. हॉटेलं ओस पडतात, पोरं शहराकडे जातात. तसंच झालं हे. पण गाव निदान रस्त्याला जोडलेलं असतं. बेटाचं तसं नसतं. जहाज थांबायचं बंद झालं की बेटापुरता रस्ताच संपला.

पाच रात्री, एक जहाज

आता थेट विसाव्या शतकाच्या शेवटाकडे येऊ. १९७७ मध्ये इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात धावणारी मोठ्या प्रवासी बोटींची नियमित सेवा बंद झाली. बेटासाठी मग एक खास जहाज ठेवावं लागलं: 'आरएमएस सेंट हेलेना'. आरएमएस म्हणजे रॉयल मेल शिप, शाही टपाल वाहणारं जहाज. आधी एक जुनं जहाज होतं. त्याच्या जागी त्याच नावाचं दुसरं, याच कामासाठी बांधलेलं जहाज १९९० मध्ये आलं.

हे जहाज म्हणजे बेटाचं सगळं काही होतं. केपटाउनहून निघालं की पाच रात्री समुद्रात. साधारण दर तीन आठवड्यांनी एक खेप. त्याच जहाजात माणसं, त्याच जहाजात टपाल, औषधं, बटाटे-कांदे, गाड्यांचे सुटे भाग, सिमेंट. जहाज उशिरा आलं की दुकानांची फडताळं रिकामी.

बरं, जहाज आलं म्हणजे माणूस बेटावर पोहोचला असं नाही. राजधानी जेम्सटाउनला मोठं जहाज लावता येईल असा धक्काच नव्हता. जहाज बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायचं. सामान पडावात उतरवायचं, आणि माणसं छोट्या होडीतून दगडी पायऱ्यांपाशी यायची. तिथे वरून दोर लटकवलेले असतात. होडी लाटेबरोबर वर आली की दोर पकडायचा आणि बरोबर त्या क्षणी पायरीवर पाय टाकायचा. हातात बाळ असो की वय सत्तर असो, पद्धत हीच.

आता विचार करा, अशा बेटावर एखाद्याला गंभीर आजार झाला तर? जेम्सटाउनला रुग्णालय आहे, पण अवघड शस्त्रक्रिया तिथे होत नाहीत. त्यासाठी दक्षिण आफ्रिका गाठायची, म्हणजे जहाजाची वाट बघायची आणि मग पाच रात्रींचा प्रवास. परगावी शिकणाऱ्या मुलाला घरच्या अंत्यसंस्काराला पोहोचणं तर जवळपास अशक्यच.

नोव्हेंबर १९९९ मध्ये हे जहाज बिघडलं. दुरुस्तीसाठी त्याला फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरात न्यावं लागलं. बेटावरची माणसं बेटावर अडकली, बाहेरची बाहेर. दुसरा पर्यायच नव्हता. एकच दार असलेल्या घराचं दार अडकलं तर जे होईल, तेच झालं.

यानंतर विमानतळाच्या मागणीनं जोर धरला. २००२ मध्ये लोकांचं मत घेतलं गेलं, आणि ७० टक्क्यांहून जास्त मतं विमानतळाच्या बाजूनं पडली. त्याच वर्षी सेंट्सना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वही परत मिळालं. म्हणजे ब्रिटनमध्ये जाऊन राहायचा, काम करायचा हक्क मिळाला. साहजिकच तरुण मंडळी निघाली. आधी पाच हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००८ च्या जनगणनेपर्यंत चार हजारांच्या थोडीच वर उरली. बेटाच्या लोकांना दोन्ही भीती होत्या: विमानतळ झाला नाही तर सगळे जातील, आणि झाला तर बेट बेटासारखं राहणार नाही.

विमानतळ बांधायचा? मग आधी बंदर बांधा

२००५ मध्ये ब्रिटिश सरकारनं विमानतळाची घोषणा केली. २००८ मध्ये जगावर आर्थिक संकट आलं आणि प्रकल्प थांबवला गेला. २०१० मध्ये नव्या सरकारनं पुन्हा हिरवा कंदील दाखवला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका बांधकाम कंपनीशी करार झाला. त्याची पद्धत अशी: आधी कंत्राट, मग यंत्रं, मग काम.

पण एक मिनिट. यंत्रं आणणार कशी? मोठं जहाज लागायला धक्का नाही हे आपण आत्ताच बघितलं. डंपर, बुलडोझर, क्रशर हे काही दोर धरून पायरीवर उडी मारणार नाहीत.

म्हणून सगळं उलट्या बाजूनं सुरू करावं लागलं. पहिलं काम, जेम्सटाउनच्या शेजारच्या रूपर्ट्स बे या खाडीत तात्पुरता धक्का. ११ जुलै २०१२ रोजी तिथे 'एनपी ग्लोरी ४' हे जहाज लागलं. बेटाच्या इतिहासात धक्क्याला लागलेलं हे पहिलं जहाज! माणसं साडेतीनशे वर्षांपासून राहतायत, आणि जहाजातून गाडी थेट जमिनीवर उतरली ती तेव्हा पहिल्यांदा.

दुसरं काम, रस्ता. रूपर्ट्सपासून विमानतळाच्या जागेपर्यंत साधारण १४ किलोमीटरचा रस्ता डोंगरातून काढावा लागला. आणि इथे एक गंभीर गोष्ट समोर आली. १८४० नंतर ब्रिटिश नौदलानं गुलामांची वाहतूक करणारी जहाजं पकडली की त्यातून सोडवलेल्या आफ्रिकी माणसांना या बेटावर आणलं जायचं. हजारो माणसं आधीच मरणाच्या दारात असायची, आणि ती इथेच रूपर्ट्सच्या दरीत पुरली गेली. विमानतळाच्या कामासाठी २००७-०८ मध्ये त्या दरीत उत्खनन झालं, तेव्हा ३२५ जणांचे अवशेष सापडले. ते बरीच वर्षं साठवून ठेवलेले होते. २०२२ मध्ये त्यांना रूपर्ट्समध्येच पुन्हा सन्मानानं पुरण्यात आलं. त्या काळी जहाजातून जबरदस्तीनं आणलेली माणसं कोण होती, ही गोष्ट विमानतळाच्या रस्त्यामुळे जगासमोर आली.

तिसरं काम, सपाट जमीन. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचा माथा. चहूबाजूंनी कडे, मधे दऱ्या. त्यातल्या त्यात सपाट जागा एकच, पूर्वेकडचं प्रॉस्परस बे प्लेन. तीही पुरेशी लांब नव्हती, मधे 'ड्राय गट' नावाची दरी आडवी येत होती. मग ती दरीच भरून काढायची ठरली. डोंगर फोडून साधारण ८० लाख घनमीटर दगडमातीचा भराव टाकला गेला. भरावाची उंची शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे तीस मजली इमारत उभी राहील एवढी. त्याच्यावर १,९५० मीटर लांबीची काँक्रीटची धावपट्टी.

सप्टेंबर २०१५ मध्ये पहिलं विमान उतरलं. ते छोटं होतं, यंत्रणा तपासायला आलेलं. सगळं छान चाललं होतं.

वारा नेमका काय करतो?

१८ एप्रिल २०१६. मोठं विमान, बोईंग ७३७-८००, चाचणीसाठी आलं. ज्या आकाराचं विमान नियमित यावं अशी अपेक्षा होती, तेच हे. पहिल्या प्रयत्नात पायलटला उतरणं सोडून पुन्हा वर चढावं लागलं. नंतर ते उतरलं खरं, पण अडचण स्पष्ट झाली होती. तिचं नाव विंड शिअर.

सोपं करून सांगतो. विमान हवेत टिकतं ते पंखांवरून जाणाऱ्या हवेच्या वेगामुळे. समोरून वारा असेल तर पंखांवरून जास्त हवा जाते आणि उचल जास्त मिळते. म्हणूनच विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात. आता समजा, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असताना समोरचा वारा अचानक पडला, किंवा उलट फिरला. पंखांवरची हवा एकदम कमी झाली, उचल गेली, विमान खाली दबलं. वर आकाशात असताना असं झालं तर सावरायला वेळ असतो. धावपट्टीच्या तोंडाशी तो नसतो. थोड्याशा अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा अशी झटकन बदलणं म्हणजे विंड शिअर.

सेंट हेलेनात ते का होतं? धावपट्टी समुद्रापासून साधारण ३०० मीटर उंच कड्यावर, आणि तीही बेटाच्या पूर्वेला, म्हणजे आग्नेयेचा वारा जिथे येऊन थेट आदळतो त्या बाजूला. जेम्सटाउन बेटाच्या आडोशाच्या बाजूला आहे, म्हणून जहाजं तिकडे थांबायची. विमानतळाला मात्र आडोशाला सपाट जागाच नव्हती. वारा कड्यावर आदळतो, वर उसळतो, आजूबाजूच्या सुळक्यांवरून घरंगळत पुन्हा खाली येतो. वाहत्या ओढ्यात मोठा दगड असला की त्याच्या मागे पाण्याचे भोवरे होतात ना, तसं हवेचं होतं.

विमान उत्तरेकडून उतरवलं तर समोरचा वारा मिळतो, पण धावपट्टीच्या त्याच टोकाला हे भोवरे असतात. दक्षिणेकडून उतरवलं तर भोवऱ्यांचा त्रास कमी, पण वारा पाठीमागून येतो. पाठीमागून वारा म्हणजे जमिनीवरचा वेग जास्त, थांबायला जास्त धावपट्टी हवी. जड विमानाला ती पुरत नाही.

आता ऐका मजेची गोष्ट. जुलै १८३६ मध्ये एक तरुण निसर्गशास्त्रज्ञ या बेटावर आला होता. नाव चार्ल्स डार्विन. त्यानं लिहून ठेवलंय की तो एका उंच कड्याच्या काठावर उभा होता. समोर काही यार्डांवर पक्षी जोरदार वाऱ्याशी झुंजत होते, आणि तो उभा होता तिथे हवा अगदी शांत. तो अगदी कडेला गेला, हात पुढे केला, आणि हाताला वाऱ्याचा पूर्ण जोर लागला. शांत हवा आणि सोसाट्याचा वारा यांच्यामध्ये फक्त दोन यार्डांचं अंतर! विंड शिअरचं याहून सोपं वर्णन मिळणं कठीण, आणि तेही पहिलं विमान उडायच्या कितीतरी आधीचं.

उद्घाटन मे २०१६ मध्ये ठरलं होतं, ते पुढे ढकललं गेलं. वर्तमानपत्रांनी 'निरुपयोगी' हा शिक्का मारला तो तेव्हा. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीनं सरकारी खात्याला कडक शब्दांत विचारलं की वाऱ्याचा हा त्रास आधी लक्षात कसा आला नाही. प्रश्न रास्त होता. २८.५ कोटी पौंड भागिले साडेचार हजार माणसं करून बघा, माणशी साठ हजार पौंडांच्या वर जातात.

मग तोडगा काय निघाला?

डोंगर हलवता येत नाही, वारा थांबवता येत नाही. बदलता येण्यासारखी गोष्ट एकच होती, विमान.

दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीनं एम्ब्रेयर १९० हे बोईंगपेक्षा लहान विमान आणलं. त्याला कमी धावपट्टी लागते, त्यामुळे वाऱ्याप्रमाणे दोन्हीकडून उतरायचा पर्याय राहतो. पायलटना या विमानतळाचं खास प्रशिक्षण दिलं जातं. आणि सर्वांत महत्त्वाचं, वजन कमी ठेवायचं. विमानात शंभराच्या आसपास जागा आहेत, पण सेवा सुरू झाली तेव्हा प्रवासी घ्यायचे ठरले फक्त ७६.

इथे इंधनाचं गणितही समजून घ्या. मुंबईला हवामान बिघडलं तर विमान अहमदाबादला, हैदराबादला, नागपूरला वळवता येतं. सेंट हेलेनाला उतरता आलं नाही तर? जवळचा विमानतळ असेन्शनचा, तो साधारण १,३०० किलोमीटरवर. नाहीतर आफ्रिका, ती त्याहून लांब. म्हणजे 'उतरता आलं नाही तर परत जाऊ' एवढं इंधन घेऊनच निघावं लागतं. त्यासाठी नामिबियात थांबून टाकी भरायची. इंधन वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की माणसं कमी. माणसं कमी झाली की तिकीट महाग. ही साखळी प्रत्येक दूरच्या बेटाला लागू पडते.

१४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान आलं. पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. २०१७ मध्येच आरएमएस जहाजाच्या पंख्यात बिघाड झाला, बेटावर प्रवासी अडकले. त्यांना न्यायला कोण आलं? भाड्यानं बोलावलेलं विमान, त्याच 'निरुपयोगी' धावपट्टीवर. रुग्णांना घेऊन जाणारी विमानं तर २०१६ पासूनच येत होती. जिथे जहाजाची वाट बघून वर पाच रात्री काढायच्या, तिथे काही तासांत माणूस मोठ्या रुग्णालयात. या उड्डाणांचा हिशेब 'किती पर्यटक आले' या रकान्यात कुठेच दिसत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आरएमएसनं बेटाचा शेवटचा निरोप घेतला. माल आणायला त्याच वर्षी वेगळं मालवाहू जहाज सुरू झालं, आणि ते रूपर्ट्सच्या नव्या पक्क्या धक्क्याला लागू लागलं. म्हणजे जे दोन्ही काम एक जहाज करायचं, त्याची विभागणी झाली: माणसं हवेतून, माल पाण्यातून.

खाली उतरलात, आता पुढे?

विमानतळ ते गाव हा प्रवासही बघून घेऊ. बेटावर रेल्वे नाही. रस्ते अरुंद, वळणावळणाचे, बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरते. समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आपल्या घाटातला नियम तोच तिकडेही. गाड्या डाव्या बाजूनं चालतात, आणि समोरून येणाऱ्याला हात दाखवणं हा तिथला रिवाज. ओळख असो वा नसो.

जेम्सटाउन एका चिंचोळ्या दरीत वसलंय. दरीच्या कड्यावर जायला सरळसोट ६९९ पायऱ्या आहेत, 'जेकब्स लॅडर'. मुळात १८२९ मध्ये इथे रूळ टाकलेला उतार होता, दोरानं गाड्या वर-खाली ओढून सामान न्यायला. १८७१ मध्ये रूळ काढले, पायऱ्या राहिल्या. एवढ्याशा बेटावर रेल्वेसारखं काही होतं ते एवढंच.

आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना पहिला प्रश्न पडेल तो नेटवर्कचा. बेटावर मोबाईल सेवा सुरू झाली २०१५ मध्ये! इंटरनेट उपग्रहावरून यायचं, हळू आणि महाग. २०२१ मध्ये पोर्तुगाल ते दक्षिण आफ्रिका जाणाऱ्या 'इक्वियानो' या समुद्राखालच्या केबलची एक फांदी रूपर्ट्स बेमध्ये आणली गेली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून बेटाला त्यावरून इंटरनेट मिळायला लागलं. लक्षात घ्या, जहाजाचा धक्का रूपर्ट्सला, विमानतळाचा रस्ता रूपर्ट्सहून, केबलही रूपर्ट्सलाच. परगावी गेलेल्या मुलाला आता घरी बसून पगार देणारं काम करता येईल का, हा प्रश्न आता निदान विचारता तरी येतो.

मग फायद्याचं ठरलं की नाही?

सरळ उत्तर द्यायचं तर, कागदावर जे ठरवलं होतं तसं झालं नाही. मूळ आराखड्यात पुढे कधीतरी वर्षाला ३० हजारांच्या आसपास पर्यटक येतील असा अंदाज होता. आपण गणित करू. आठवड्याला एक विमान, ७६ प्रवासी. वर्षाच्या ५२ आठवड्यांत ३,९५२ जागा. त्यात बेटाचेच लोक, डॉक्टर, शिक्षक, सरकारी माणसं. उन्हाळ्याच्या मोसमात केपटाउनहून जादा उड्डाण जोडलं तरी ३० हजारांचा आकडा कुठल्या कुठे राहतो. पर्यटनावर बेट स्वतःच्या पायावर उभं राहील, ही अपेक्षा त्या ७६ च्या आकड्यातच अडकली.

पण तुलना कशाशी करायची हेही बघा. त्याच प्रदेशातलं ट्रिस्टन द कुन्या हे बेट. तिथे सुमारे अडीचशे माणसं, विमानतळ नाही. केपटाउनहून जहाजानं साधारण आठवडाभर. आणि असेन्शनवर विमानतळ आहे, पण २०१७ मध्ये तिथली धावपट्टी खराब झाली आणि ब्रिटनहून येणारी मोठी विमानं बंद झाली. मग त्या बेटाला महिन्यातून एकदा जोडणारं विमान कुठून जायला लागलं? सेंट हेलेनाहून! ज्याला निरुपयोगी म्हटलं, त्यानं शेजाऱ्याला हात दिला.

मला यातून कळलेली गोष्ट अशी. आपल्याकडे एखादा रस्ता बंद झाला तर आपण वैतागतो, पण दुसऱ्या रस्त्यानं जातो. एक्स्प्रेसवे जाम झाला तर जुना हायवे, लोकल बंद तर बस. आपली सोय एका रस्त्यात नसते, ती पर्यायांत असते. बेटाकडे ते पर्याय नसतात. म्हणून तिथे 'किती माणसांनी वापरला' या एकाच आकड्यावरून पूल, धक्का किंवा धावपट्टी मोजली की उत्तर नेहमी 'तोट्यात' असंच येणार. १९९९ ला एक जहाज बिघडलं आणि अख्खं बेट बंद झालं. २०१७ ला जहाज बिघडलं, तेव्हा विमान आलं. दोन घटनांतला हा फरक हीच त्या धावपट्टीची खरी कमाई.

याचा अर्थ चुकांना माफी असा मात्र नाही. वारा आधी नीट मोजला असता, छोट्या विमानाचा विचार सुरुवातीलाच केला असता, तर लोकांची दीड वर्षं वाचली असती. 'विमानतळ हवाच होता' आणि 'तो नीट आखला नाही', ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पुढच्या वेळी कुठल्याही प्रकल्पावर 'एवढे पैसे कशाला' असा मथळा दिसला, तर शेअर करण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: हे नसताना तिथली माणसं दवाखान्यात कशी पोहोचत होती?

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाला जायचा एकच रस्ता किंवा एकच होडी असेल, आणि ती बंद पडल्यावर काय होतं हे तुम्ही अनुभवलं असेल, तर नक्की कळवा. त्यावर एक वेगळा भाग करू. तोवर ऐकत राहा, आणि पायरीवर पाय टाकताना दोर घट्ट धरा!